कान्हेरीचा डोंगर आणि उपासकाचे कर्तव्य



बुद्धपौर्णिमा आली की मुंबई, ठाणे, कल्याणच्या वस्त्यांतील आपली कितीतरी कुटुंबे पांढरी वस्त्रे नेसून बोरिवलीची लोकल धरतात. स्टेशनाच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे फाटक आहे. तेथून आत सहा-सात किलोमीटर गेले की कान्हेरीची लेणी लागतात. मुले पुढे पळतात, म्हातारी माणसे झाडाखाली टेकतात, बाया डबे सांभाळीत मागून येतात. या वाटेवर एक प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो विचारणारा माणूस बहुधा दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात जणांसह राहणारा असतो : "बाई, मुंबईत माणसाला पाय पसरायला जागा नाही आणि वाघाला एवढा डोंगर मोकळा ठेवलाय. आपल्या धम्मात हे बसतं का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निसर्गप्रेमी म्हणविणारी काही मंडळी तो ऐकून कपाळाला आठ्या घालतात आणि 'या लोकांना जंगलाचे काय कळणार' असे म्हणून मोकळी होतात. आपल्यातील काही कार्यकर्ते दुसऱ्या टोकाला जातात. जंगल, पाखरे, वाघ ही पोट भरलेल्यांची चैन आहे, आपल्या माणसाला आधी घर पाहिजे, मग बाकीचे बघू, असे ते ठासून सांगतात. दोघांचाही विचार करण्याचा त्रास वाचतो. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जो धम्म बोधिसत्त्व बाबासाहेबांनी आपल्या हाती दिला, तो प्रत्येक गोष्ट बुद्धीच्या कसोटीवर घासून घ्यायला सांगणारा आहे. तेव्हा हा प्रश्नही घासून पाहिला पाहिजे. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकविते. आमच्या घराण्यात पदवीची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे पांडित्याचा आव आणण्याचे कारण नाही. जे वाचले आणि विद्यार्थ्यांबरोबर पायी हिंडून पाहिले त्यावरूनच लिहीत आहे.

प्रथम हा डोंगर आहे तरी काय, ते पाहू. मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरलेले हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. खडक काळा म्हणून जुने नाव कृष्णगिरी. त्याचेच 'कण्हगिरी' आणि पुढे कान्हेरी झाले. उद्यानाला आधी बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणत, नंतर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळाले. सर्वांत उंच माथा साडेचारशे मीटरांच्या थोडा वर आहे. हिमालय पाहिलेला माणूस याला टेकडी म्हणेल. म्हणू द्या. या टेकड्यांच्या कुशीत विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली, आणि आजही त्यांचे पाणी मुंबई पिते. दहिसर आणि पोईसर या नद्या याच रानातून निघतात. विहार भरून वाहू लागला की ते पाणी मिठी नदीला जाते. रानात साग, ऐन, पळस, काटेसावर आहे. कारवीची दाट बेटे आहेत. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि मग सगळा उतार जांभळा होतो. चितळ, सांबर, वानरे आहेत, अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी आहेत. आणि ज्याला आपण सरसकट वाघ म्हणतो तो बिबट्या आहे. २०१५ साली रानात कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा ३५ बिबटे आढळले होते. चोहोबाजूंनी एवढे अफाट शहर आणि मधोमध हे रान, असा प्रकार जगात क्वचितच असेल.

आता लेण्यांकडे वळू. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथे कोरीव काम सुरू झाले आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत हा विहार नांदता होता. शंभराहून अधिक लेणी आहेत. वायव्येला सोपारा बंदर, पूर्वेला कल्याणची पेठ. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत, म्हणजे या मुलखात धम्माची वाट फार जुनी. भिक्खू व्यापारी मार्गाच्या जवळ, पण गर्दीपासून दूर, अशी जागा शोधीत. हा डोंगर त्यांना तसा सापडला.

लेणी पाहताना बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्तींपुढे थांबतात आणि फोटो काढून परततात. माझे म्हणणे असे की मूर्ती पाहाव्यात, पण त्यानंतर लेण्यांच्या दाराशी कोरलेली पाण्याची टाकी पाहावीत. जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी टाके आहे. पावसाचे पाणी त्यात यावे म्हणून कातळात पन्हाळी कोरल्या आहेत. शिलालेखांत या टाक्याला 'पाणियपोढी' असा शब्द आहे. कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने असे एक टाके दान दिल्याचा लेख येथे आहे. सोनाराने दान केले ते सोन्याचे नव्हे, पिण्याच्या पाण्याचे! दुसऱ्या एका लेखात कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिल्याची नोंद आहे. भिक्खुणींची नावे आहेत, व्यापाऱ्यांची आहेत, दगड घडविणाऱ्या कारागिरांचा उल्लेख आहे. राजांची नावे अर्थातच आहेत. परंतु हा डोंगर हाताने काम करणाऱ्या माणसांच्या दानावरही उभा राहिला, ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. शाळेच्या पुस्तकात लेणे म्हटले की राजवंश येतो आणि लोहार गळतो.

हजार वर्षे या डोंगरावर माणसे राहिली. एकटीदुकटी नव्हेत, संघच्या संघ राहिला. तरी रान उरले. कसे उरले? लोकसंख्या कमी होती हे एक उत्तर झाले, आणि ते खरेही आहे. पण दुसरेही उत्तर आहे, ते विनयात सापडते.

वर्षावासाची प्रथा कशी पडली ते महावग्गात सांगितले आहे. पावसाळ्यातही भिक्खू गावोगाव फिरत. लोक कुरकुरू लागले की हे श्रमण हिरवे गवत तुडवितात, बारीक जीवांचा नाश करितात. पाखरेसुद्धा पावसात घरट्यात बसतात, यांना तेवढेही कळू नये? ही तक्रार तथागतांच्या कानी गेली आणि पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्याचा नियम झाला. आळवी येथील भिक्खूंनी बांधकामासाठी झाडे तोडली तेव्हा वनस्पतींची नासधूस करू नये असा नियम झाला. हिरव्या गवतावर आणि पाण्यात मलमूत्र वा थुंकी टाकू नये, हाही विनयातलाच नियम. भिक्खूच्या मोजक्या आठ वस्तूंत पाणी गाळण्याचे फडके आहे, पाण्यातला जीव पोटात जाऊ नये म्हणून. यात कोठेही देवाची भीती नाही. नदी ही देवी आहे म्हणून तीत थुंकू नका, असे तथागत म्हणत नाहीत. ते पाणी कोणीतरी पिणार आहे, त्या गवतात कोणीतरी जगते आहे, एवढेच कारण. हा फरक नवदीक्षित माणसाने नीट समजून घेतला पाहिजे. कारण आपल्या अवतीभोवती नदीला माता म्हणून ओवाळणारे आणि त्याच नदीत निर्माल्याच्या पिशव्या सोडणारे लोक कमी नाहीत.

मग त्या डोंगरावर आपण कसे वागतो? येथे थोडे कडू लिहावे लागेल. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लेण्यांच्या वाटेवर कागदी पत्रावळी, प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे पडलेली असतात. ती सगळी आपणच टाकतो असे मी म्हणत नाही. वर्षभर येणाऱ्या सहलींचा त्यात वाटा आहे. पण आपली त्यात नाहीत असे तरी छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? मुले माकडांपुढे केळी धरतात आणि पालक कौतुकाने बघतात. मग तेच माकड उद्या एखाद्या म्हातारीच्या हातातली पिशवी हिसकावते. भिंतीवर नावे कोरणारे आहेत. त्यांत 'जयभीम' कोरणारेही आहेत. ज्या महामानवाने आयुष्यभर ग्रंथ जपले, त्याचे नाव दोन हजार वर्षांच्या दगडावर खिळ्याने ओरबाडायचे, हा कसला अभिमान?

मेणबत्तीचा प्रश्न जरा नाजूक आहे. मूर्तीपुढे मेणबत्ती लावल्याशिवाय वंदना पुरी झाली असे आपल्या बायांना वाटत नाही. त्यांचा भाव मी जाणते. माझी आईही त्यांतलीच आहे. परंतु मेणबत्तीचा आणि अगरबत्तीचा धूर दगडावर काजळी धरतो, मेण कोरीव कामात जाऊन बसते. घरी लावावी, वस्तीतल्या विहारात लावावी. लेण्यात दोन हात जोडून त्रिसरण-पंचशील म्हटले तर काही उणे राहत नाही. फुले आणायचीच असतील तर परत घेऊन जावीत. यावर काहीजण रागावतील. परंतु बाबासाहेबांनी आपल्याला देवळातल्या धुपापासून बाहेर काढले ते दुसऱ्या धुपात नेऊन बसविण्यासाठी खचितच नाही.

येथपर्यंत गोष्ट सोपी आहे. शीलाची गोष्ट आहे आणि ती आपल्या हातातली आहे. अवघड भाग पुढे आहे, कारण त्या गृहस्थाने विचारले होते ते कचऱ्याबद्दल नव्हते, जागेबद्दल होते.

१९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. उद्यानाच्या हद्दीत झोपडपट्ट्या वाढत आहेत, त्या हटवाव्यात अशी मागणी होती. ७ मे १९९७ रोजी न्यायालयाने अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत ज्यांचे नाव होते त्यांना पर्यायी जागा मिळावी आणि त्यासाठी प्रत्येकाने ७००० रुपये भरावेत, असे ठरले. पुढच्या वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. जागा प्रथम दाखविली गेली ती कल्याणच्या बाजूला. ज्या बाईचे धुण्याभांड्याचे काम मालाडात आणि ज्या पुरुषाची मजुरी कांदिवलीच्या नाक्यावर, त्यांनी तेथून रोज यायचे कसे? लोकांनी विरोध केला, झगडा दिला, तेव्हा पुढे चांदिवलीला इमारती उभ्या राहिल्या. त्या वसाहतीचे नाव संघर्षनगर. नावच काय ते बोलते. ज्यांचे नाव यादीत नव्हते किंवा ज्यांना पैसे भरता आले नाहीत, त्यांचा प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही.

मग कोर्टाचा आदेश चुकीचा होता काय? डोंगर राखण्याची मागणी मला चुकीची वाटत नाही. याच डोंगरात विहार आणि तुळशीचे पाणी साठते. त्या पाणलोटावर वस्त्या चढत गेल्या असत्या तर ना रान उरले असते ना तलाव. पण माणसे हटविणे आणि माणसे बसविणे ही दोन कामे होती. त्यांतले पहिले झटपट झाले आणि दुसरे वर्षानुवर्षे रेंगाळले. अर्धे कर्तव्य केले की ते अन्यायाचे रूप घेते, हे कसे, ते दीघनिकायातल्या चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात पाहायला मिळते.

त्या सुत्तात राजाला त्याची कर्तव्ये सांगितली आहेत. कोणाकोणाचे रक्षण करावे? स्वजनांचे, सैन्याचे, नगरवासी आणि जनपदवासी लोकांचे, श्रमण-ब्राह्मणांचे, आणि त्याच यादीत पुढे, पशुपक्ष्यांचे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याच्या कर्तव्यात हरीण आणि पाखरू आहे! आणि त्याच उपदेशात लगेच पुढे सांगितले आहे की राज्यात जे निर्धन असतील त्यांना धन द्यावे. पुढे कथेत एक राजा असा येतो की तो रक्षण तेवढे करितो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीला शिक्षा म्हणून शिरच्छेद, ते पाहून लोकांच्या हाती शस्त्रे, आणि शेवटी माणसाचे आयुष्यच घटत घटत जाते. मी जेव्हा जेव्हा हे सुत्त वाचते तेव्हा तेव्हा मला कुंपण दिसते. कुंपणाच्या आत पशुपक्ष्यांचे रक्षण आहे आणि कुंपणाच्या बाहेर निर्धनाला धन द्यायचे राहून गेले आहे. तथागतांनी ही दोन कामे एकाच उपदेशात सांगितली. आपल्या काळात ती दोन वेगळ्या खात्यांत गेली.

येथे सम्राट अशोकाचाही विचार केला पाहिजे. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात त्याने मारू नयेत अशा प्राण्यांची यादी दिली आहे आणि विनाकारण रान जाळू नये असे बजावले आहे. आपण हे अभिमानाने सांगतो. पण तेराव्या शिलालेखात, कलिंगयुद्धाच्या पश्चात्तापानंतरच, रानात राहणाऱ्या अटवी लोकांना तो समजुतीने सांगता सांगता आपल्या सामर्थ्याची आठवणही करून देतो. पश्चात्ताप झालेल्या राजालासुद्धा रानातल्या माणसाशी बोलताना धाकाचा स्वर सोडवला नाही. अशोक आपला आहे म्हणूनच हे लक्षात ठेवावे. रान राखणाऱ्या सत्तेचा आवाज रानातल्या माणसाला कसा ऐकू येतो, ते त्यावरून कळते.

कान्हेरीच्या डोंगरातली अटवी माणसे म्हणजे वारली, कोकणा, मल्हार कोळी. नवापाडा, तुमणीपाडा असे त्यांचे पाडे आहेत. उद्यान व्हायच्या आधीपासून ते तेथे आहेत. कारवीच्या काठ्यांच्या कुडाला शेण-माती लिंपून ते घरे बांधीत आले. त्यांना आणि १९८० नंतर आलेल्या झोपडीवाल्याला एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. २००६ सालचा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानातही लागू आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जे आदिवासी रानावर जगत आले त्यांचा हक्क तो मानतो, आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय त्यांना हलविता येत नाही. आपल्या वस्तीतल्या किती जणांना हे ठाऊक आहे? तुळशीचे पाणी मैलोन् मैल नळाने शहरात जाते आणि तलावाच्या आसपासच्या पाड्यावरची बाई हंडा घेऊन चालते, ही स्थिती ज्यांनी १९२७ च्या महाडची गोष्ट लहानपणापासून ऐकली त्यांना तरी खटकली पाहिजे.

या पाड्यांवर वाघोबाला मानतात. शेंदूर फासलेला दगड किंवा लाकडावर कोरलेले चित्र असते. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक, आपण त्यापुढे हात जोडणार नाही. पण त्याची टवाळी करण्याचाही आपल्याला अधिकार नाही. त्या पूजेच्या पोटात एक करार आहे : ही जागा तुझीही आहे, तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या. शेजारधर्म म्हणतात तो हाच. आपण त्याला मैत्री म्हणू, आणि दगडावाचून पाळू.

बिबट्याचेच बोलायचे तर २००४ साल अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी बिबट्यांच्या हल्ल्यांत उद्यानाच्या कडेची बरीच माणसे मेली. मरणारांत झोपड्यांतली आणि पाड्यांवरची मुले होती. संध्याकाळी अंधारात शौचाला उघड्यावर बसलेले मूल बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते. तेव्हा पिंजरे लावा, बिबटे दूर नेऊन सोडा, अशी ओरड झाली. जुन्नर भागातल्या अभ्यासातून पुढे असे दिसले की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले कमी न होता वाढतात, कारण अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते. आणि बिबट्या वस्तीच्या कडेला येतो तो कशासाठी? भटक्या कुत्र्यांसाठी. कुत्री कशावर पोसतात? कचऱ्यावर. म्हणजे आपण सहलीत फेकलेले उरलेले जेवण आणि नगरपालिकेने न उचललेला ढीग यांचा शेवट कोण्या गरिबाच्या पोराच्या गळ्याशी होऊ शकतो. प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगताना मी वर्गात हेच उदाहरण देते. मुलांना लगेच समजते.

यातून निघणारा उपाय पाहा. बिबट्या वाचवायचा असो की मूल, मागायच्या गोष्टी त्याच : वस्तीत संडास, वाटेवर दिवा, वेळेवर कचरागाडी. माणूस की वाघ, असा जो प्रश्न आपल्यापुढे ठेवला जातो तो येथे आपोआप विरघळतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना तत्त्व आणि नियम यांतला भेद सांगितला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळा ठेवते. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तेच माप रानाला लावा. पाड्यातल्या बाईने चुलीसाठी वाळके सरपण उचलणे ही गरज आहे. डोंगराचे तोंड दिसेल अशा बंगल्यासाठी उतार खोदणे ही इच्छा आहे. कायद्याची कुऱ्हाड कोणावर आधी पडते ते मात्र प्रत्येकाने डोळे उघडून पाहावे.

उदाहरण दूरचे नाही. उद्यानाला लागूनच असलेल्या आरेत ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला थांबविण्यास सांगेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. जुलै २०२४ मध्ये या डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या ठाणे-बोरिवली बोगद्याचे आणि गोरेगाव-मुलुंड रस्त्याच्या बोगद्याचे भूमिपूजन झाले. मेट्रो किंवा रस्ता नकोच असे मी म्हणत नाही. आपली माणसेही त्यातून प्रवास करितात. परंतु पत्र्याची झोपडी हे जंगलावरचे अतिक्रमण आणि मोठा प्रकल्प हा विकास, ही भाषा ऐकून आपण मान डोलावू नये. दोन्हींना एकच प्रश्न विचारावा : गरज किती, इच्छा किती, आणि याची किंमत कोण भरणार?

किंमतीवरून २६ जुलै २००५ आठवतो. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी फुगली. कुर्ला, कालिना, वाकोल्याच्या सखल वस्त्यांत पाणी छपराला टेकले. इतका पाऊस कोणत्याही रानाने पुरता अडविला नसता, हे खरे. भरती होती, नदीचे पात्र आवळलेले होते, गटारे प्लास्टिकने तुंबली होती. परंतु वर डोंगरावर झाडे नसती आणि तेथेही फरशी असती तर खाली काय झाले असते, हे भूगोलाचा विद्यार्थी सांगू शकेल. झाडीचा डोंगर पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. बोडका डोंगर ते एकदम खाली लोटतो. खाली, सर्वांत खालच्या जागी, या शहरात कोण राहते? म्हणून जंगल ही पोट भरलेल्यांची चैन आहे हे म्हणणे मला पटत नाही. टॉवरच्या विसाव्या मजल्यावरच्या माणसाला रानाचा उपयोग खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या रंगापुरता आहे. नाल्याकाठच्या खोलीतल्या माणसाला तो जिवाचा आहे.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले की, "काका, वाघाची जागा घेऊन तुम्हाला घर मिळणार नाही. ती जागा रिकामी झाली तर तिथे तुमची चाळ उभी राहणार आहे का?" ते हसले. पण लगेच म्हणाले, "मग आमचं घर कुठं, तेही सांगा." त्यांचे म्हणणे रास्त होते. रान राखा म्हणणाऱ्या प्रत्येकाने तोंडाने 'घर द्या' हेही त्याच दमात म्हटले पाहिजे, आणि अर्जावर सही करायची वेळ आली तर दोन्ही अर्जांवर करावी.

आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने येत्या पौर्णिमेसाठी काही गोष्टी ठरविल्या आहेत. इतरांनाही उपयोगी पडतील म्हणून लिहिते. जेवण स्टीलच्या डब्यांत न्यायचे, पाणी घरूनच, आणि रिकामी पिशवी प्रत्येकाच्या हातात, स्वतःचा आणि वाटेत दिसेल तो दुसऱ्याचाही कचरा भरून आणायला. ध्वनिक्षेपक न्यायचा नाही. वंदना चैत्यगृहाबाहेर मोकळ्यावर करायची आणि त्यानंतर एका शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने शिलालेखांतल्या दात्यांची माहिती सांगायची : सोनार, लोहार, भिक्खुणी. दुपारी दहा-बारा जणींनी नवापाड्यावर जायचे, देणगी वाटायला नव्हे, तर तेथल्या बायांना विचारायला की पाण्याचे, दिव्याचे काय झाले, अर्ज केले आहेत काय, कोणी लिहून द्यायला हवे आहे काय. वनहक्क कायद्यात पिण्याचे पाणी, वीज, अंगणवाडी, शाळा अशा सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे, परंतु ग्रामसभेची शिफारस आणि कागदपत्रे लागतात. आपल्यातल्या शिकलेल्या पोरींनी ते अर्ज लिहायला बसावे. कागद, पेन आणि कायद्याची मराठी प्रत मी बरोबर घेणार आहे.